कागद हलका झाला त्या आठवड्यात

माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. पंधरा दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर उभा राहून तिच्या छातीचं वरखाली होणं मोजत होतो. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं नाजूक आहेत. मिनिटाला साठच्या वर श्वास गेले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर थांबू नका. लगेच घेऊन या." दुसरा कुणी बाप असता तर हे बायकोला सांगून मोकळा झाला असता. मी मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावून बसलो. ती झोपली की मोजायचो, जागी झाली की मोजायचो, आणि आकडा पन्नासच्या पुढे गेला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. बायको वैतागून म्हणायची, "तिला सारखं मोजू नका हो. जरा नुसतं बघा."

पण मोजणं हाच माझा धंदा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी हवेतली धूळ तोलतो. एक छोटा पंप चोवीस तास हवा ओढत राहतो. ती हवा तळहातावर मावेल अशा एका पांढऱ्या चकतीतून जाते आणि हवेतले बारीक कण चकतीवर अडकून राहतात. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची, आणि वजनात जो फरक पडेल ती धूळ. काटा इतका नाजूक असतो की चकतीवर बोटाचा ठसा उमटला तरी वजन वाढतं, म्हणून ती चिमट्यानेच उचलायची. लोकांना धूळ म्हटली की माती आठवते. मी तोलतो ती धूळ केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढी असते. ती नाकात अडकत नाही, घशात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते.

यातली निम्मीशिम्मी कुठून उडून येत नाही, ती हवेतच तयार होते. शेतात टाकलेल्या युरियातून, गोठ्यातल्या शेणामुतातून अमोनिया उठतो. गाड्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुरातले वायू हवेत फिरता फिरता आम्ल होतात. थंडीत ही दोन्ही एकत्र आली की त्यांचं मीठ बनतं. पांढरं, बिनवासाचं, डोळ्याला न दिसणारं मीठ. हिवाळ्यात सकाळी गोदाकाठी जे धुकं म्हणून लोक कौतुकाने बघतात, त्यात हे मीठही असतं. ऊन चढलं, हवा तापली की यातलं बरंचसं पुन्हा वायू होऊन निघून जातं. लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मिसळ मागवली.

आमचं घर अंबडच्या मोठ्या रस्त्याला लागून आहे. दिवसभर ट्रक, टेम्पो. तेव्हा बाळ-बाळंतिणीने निफाडकडे सासुरवाडीला जावं हा आग्रह माझाच. गावाकडची हवा चांगली असते, हे वाक्य अकरा वर्षं हवा तोलणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मामी एकट्या राहतात, दोन गाई सांभाळतात, आणि चार नातवंडं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. घराला लागूनच शेजाऱ्याची द्राक्षबाग आहे. बाळंतिणीची खोली कौलारू, छान स्वच्छ सारवलेली. भिंतीत वर एक झरोका होता आणि त्यात मामींनी जुन्या लुगड्याचा बोळा घट्ट कोंबून ठेवला होता.

पहिल्याच रविवारी बाळाची अंघोळ झाली आणि मामींनी शेगडी आणली. निखाऱ्यांवर त्यांनी ओवा, वावडिंग, लसणाची सालं आणि थोडा ऊद टाकला. पांढरा धूर उठला. मामींनी बाळाला दोन्ही हातांवर धरलं आणि त्या धुरावरून अलगद इकडून तिकडे फिरवलं.

मी ओरडलोच. "मामी, काय करताय?"

"धुरी देते. अंग शेकलं म्हंजे सर्दी धरत नाय."

"तिची फुप्फुसं नाजूक आहेत. हा धूर आत जातो."

"हिच्या आईलाबी दिली, मामालाबी दिली. लय नाजूक व्हता तो बी. आता पोतं उचलतो."

बायको माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी गप्प झालो, पण मनातून ते गेलं नाही. दुधाने पोळलेला माणूस मी, मला ताकाचीही भीती वाटत होती. त्या दिवशी मी चार वेळा श्वास मोजले. बावन्न, पंचावन्न, एकोणपन्नास, चोपन्न.

पुढच्या शनिवारी साहेबांना विचारून प्रयोगशाळेतला एक जुना पंप मी गावी घेऊन गेलो आणि बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर लावला. मामींनी त्याला हळदकुंकू वाहिलं नाही एवढंच. "ह्यो काय करतो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हवा किती जड आहे ते सांगतो. कागद जड झाला तर हवा वाईट. हलका राहिला तर चांगली." चकतीला कागद म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं, पण त्यांना कळलं. शनिवारी संध्याकाळी पंप सुरू केला, रविवारी धुरी झाली, सोमवारी पहाटे कडाक्याच्या थंडीत मोटरसायकलवरून चकती घेऊन मी सरळ प्रयोगशाळेत गेलो. चोवीस तास तिथल्या ठरावीक हवेत ठेवून मंगळवारी तोलली. चकती राखाडी झाली होती. आमच्या अंबडच्या रस्त्यावरच्या चकत्यांच्या जवळपास तिच्यावरच्या धुळीचं वजन होतं.

मी तिथूनच फोन लावला. बायकोला म्हणालो, "धुरी बंद. आजपासून."

"आईला वाईट वाटेल."

"वाटू दे. आकडा माझ्यासमोर आहे."

धुरी बंद झाली. शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा शेगडी चुलीमागे उभी करून ठेवली होती. मामी जेवायला वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या. मी मात्र जोरात होतो. खोलीत कोंडट वाटतंय म्हणालो, स्टुलावर चढलो आणि झरोक्यातला बोळा उपसून काढला. मामींनी एवढंच म्हटलं, "गारठा येईल."

"गोधडी आहे की. पण हवा खेळती पाहिजे."

प्रयोगशाळेतलं शेंबडं पोरही सांगेल की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकाच आठवड्यात धुरी बंद केली आणि झरोकाही उघडला. पंप लावला आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर चकती काढून डबीत ठेवली.

त्या रविवारी परतायला दुपार झाली. जावयाने सासुरवाडीहून रिकाम्या हाताने निघायचं नसतं, हे मामींच्या घरात कायद्यासारखं आहे. रुसलेल्या असल्या तरी त्यांनी चुलीवरची गरम बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा स्टीलच्या डब्यात भरला, डबा फडक्यात बांधला आणि स्वतः माझ्या पिशवीत ठेवला. मी पिशवी मोटरसायकलच्या टाकीवर अडकवली आणि दीडेक तास उन्हातून आलो. घरी आल्यावर डबा काढून घेतला, पिशवी तशीच खुंटीला. चकतीची डबी तिच्या तळाशी होती. सोमवारी कामावर जाताना ती उचलली.

मंगळवारी वजन घेतलं. कागद हलका झाला होता. आधीच्या निम्म्याहूनही कमी. मी दोनदा तोलून पाहिलं. तोच आकडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. महिन्याभरात मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

फोनवर मी बायकोला सांगितलं, "बघ, धुरी बंद केली आणि निम्म्याने उतरलं. मामींना सांग. आणि झरोका उघडाच ठेवायला सांग."

मागून मामींचा आवाज आला, "कागद हलका झाला?"

"हो, मामी."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

त्याच आठवड्यात थंडी एकदम वाढली. निफाडला दरवर्षी असं होतं. पारा खाली उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागायतदार पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. काड्या, पालापाचोळा, ओला भुसा जाळतात. ज्वाळा नको असतात, धूर हवा असतो, तो बागेवर पसरून राहिला की गारठा कमी बसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सासुरवाडीला येत-जात सहा वर्षं झाली होती. पण मी चकती बघत होतो, बाग बघत नव्हतो.

शुक्रवारी सकाळी बायकोने व्हिडिओ कॉल केला. बाळाची छाती उघडी करून दाखवली. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी मोबाइलवर मोजायला सुरुवात केली आणि तीस सेकंदांतच थांबलो. पुढे मोजायची गरज नव्हती.

बाळाला नाशिकला आणून दवाखान्यात दाखल केलं. नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी, हाताला सलाईन, हात दुमडू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर होतो का? चूल, धुरी, उदबत्ती?"

बायकोने आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "सुरुवातीला म्या धुरी दिली व्हती. माझंच चुकलं."

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा देऊ नका." आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी मान हलवली. मनातल्या मनात मी म्हणालो, बघा, मी सांगत होतो.

शनिवार-रविवार दवाखान्यात गेला. सोमवारी मन जरा दुसरीकडे लागावं म्हणून मी प्रयोगशाळेत गेलो. आमच्याकडे एक ज्येष्ठ बाई आहेत, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. रासायनिक तपासण्या त्या करतात. मी कपाटातून माझ्या दोन्ही डब्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, "धुरी बंद केल्यावर केवढा फरक पडला बघा. तरी पोर आजारी पडली."

बाईंनी झाकणं उघडली आणि दोन्ही चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"रंग तर सारखाच आहे," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. दोन्ही चकत्या तेवढ्याच राखाडी होत्या. वजन निम्म्याहून कमी आणि रंग तोच. हे मला मंगळवारीच दिसायला हवं होतं, पण मला जे बघायचं होतं ते काट्यावर दिसलं होतं आणि पुढे बघायची माझी इच्छाच नव्हती.

"दुसरी कशी आणलीत?" बाईंनी विचारलं. कुणीही चकती आणली की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. बर्फाच्या पेटीत आणली का, उन्हात ठेवली का. नवीन माणसांना हा प्रश्न मीच शिकवतो.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला तो डबा आठवला. फडक्यात बांधलेला, गरम भाकरीचा, डबीला टेकून दीड तास बसलेला. वरून दुपारचं ऊन, खालून टाकीची धग. घरी डबा काढताना खालच्या डबीच्या झाकणाला बोट लागलं होतं आणि ते कोमट होतं, हेसुद्धा आठवलं.

बाईंनी दोन्ही चकत्यांचे तुकडे पाण्यात भिजवून तपासले. पहिल्या चकतीत ते मीठ भरपूर निघालं. दुसरीत नावापुरतं. काजळी उडून जात नाही, ती दोन्हीकडे तशीच होती. पांढरं मीठ उष्णतेने वायू होऊन निघून गेलं होतं. हवा हलकी झालीच नव्हती. वाटेत कागद तेवढा हलका झाला होता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. हे मीठ धुरीतून येत नाही. पहिल्या चकतीवरचं जे वजन मी मामींच्या शेगडीच्या नावावर टाकलं होतं, त्यातला मोठा वाटा कौलांच्या फटीतून बाहेरून आलेला होता. धुरी बाळाला चांगली असं मी आजही म्हणणार नाही. पण खरं संकट भिंतीबाहेर होतं, आणि त्याला वाट मोकळी करून द्यायला मी स्टुलावर चढलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या काखेत डबा होता.

बाई म्हणाल्या, "होतं असं." मी त्यांना झरोक्याचं सांगितलं नाही.

बाळ सहा दिवस दवाखान्यात होतं. मला सोमवारी कळलं होतं. सोमवारी मी कुणाला सांगितलं नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आधी बाळ बरं होऊ दे. खरं कारण मला माहीत होतं. मला भीती वाटत होती की बायको माझ्याकडे दवाखान्यात आईकडे बघितलं तसं बघेल. त्या सहा दिवसांत मामी रोज गावाहून एसटीने यायच्या, पेज आणायच्या आणि खाटेपासून चार हात लांब बसायच्या. नर्स म्हणाली, "आजी, घ्या ना तिला." मामी म्हणाल्या, "नको. माझ्या लुगड्याला धुराचा वास हाय."

श्वास पंचेचाळीसवर आले आणि आम्हाला घरी सोडलं. बायकोला अंबडच्या रस्त्यावर जायचं नव्हतं, थंडीही ओसरली होती, म्हणून आम्ही पुन्हा गावीच गेलो. मामींनी शेगडी माळ्यावर टाकली होती. बाळाच्या खोलीत त्या येत नव्हत्या. उंबऱ्यावर बसून तिथूनच बघायच्या. बाळ रडलं की लेकीला हाक मारायच्या, "अगं, रडती बघ." चार नातवंडं वाढवलेली बाई पाचव्याला हात लावत नव्हती. झरोका उघडाच होता, कारण मी तो उघडा ठेवायला सांगितलं होतं आणि कुणी त्याला हात लावला नव्हता.

दोन दिवस मी हे पाहिलं. रविवारी सकाळी मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसलो. बायको बाळाला पाजत होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, "मामी, धुरीने नाही झालं. कागद हलका झाला म्हणालो ते चुकीचं होतं. वजन घेण्याआधी तो तापला आणि त्यातलं निम्मं उडून गेलं. हवा वाईटच होती. आणि झरोका मी उघडला. त्यातून बागेतला धूर आत आला."

बायकोने मान वर केली. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. मामी पायाच्या अंगठ्याने जमीन घासत होत्या.

मग म्हणाल्या, "मला वास येत व्हता."

"कसला?"

"धुराचा. पहाटं दोनदा उठले. बोळा हातात घेतला व्हता, स्टूलबी लावलं. पन तुमचा कागद हलका झाला व्हता ना. म्हनलं, शिकलेला मानूस हाय, मोजून सांगतोय. माझ्या नाकाचं काय एवढं. बोळा परत खाली ठेवला."

त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेल्या. लेकीकडून बाळ घेतलं, खांद्यावर टाकून पाठ थोपटली. बायको उठली, स्टूल ओढलं आणि कुणाला न विचारता झरोक्यात बोळा बसवला. माझ्याशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "सोमवारी प्रयोगशाळेत गेलात तेव्हाच कळलं होतं ना?" मी हो म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि ते मला अजून जड जातं.

कागद कशाने तापला हे मामींनी विचारलं होतं. मी म्हणालो, उन्हाने. डब्याचं मी सांगितलं नाही. ते कळलं असतं तर त्यांनी तेही आपल्याच डोक्यावर घेतलं असतं, आणि आता मला ते सहन झालं नसतं.

सोमवारी पहाटे निघालो तेव्हा मामी एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन बाहेर आल्या. डबा फडक्यातूनही चटका देत होता. पिशवीत त्या दिवशी दुसरं काहीच नव्हतं. मी तो घेतला आणि म्हणालो, "मामी, वास आला की बोळा लावा. मला फोन करत बसू नका."

"आन तुमचा कागद?"

"त्याला दोन दिवस लागतात."

त्यांनी बाळाच्या नाकापाशी हाताची मागची बाजू धरली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बराबर चाललाय हिचा." मी खिशातला मोबाइल बाहेर काढला नाही.